छडी आणि कबुली

वाशिमच्या नाझरीन मंडळीची परंपरा जॉन वेस्लीपर्यंत पोहोचते. त्यांच्या आईने, सुझॅनाबाईंनी, १७३२ साली त्यांना लिहिलेल्या पत्रात मुले वाढवण्याचे नियम नोंदवले आहेत. मूल वर्षाचे होताच त्याला छडीचे भय कळावे, रडलेच तर हळू रडावे. याच पत्रातला दुसरा नियम क्वचितच आठवला जातो: जो अपराध कबूल करून सुधारण्याचे वचन देईल, त्याला मार नाही.

आम्ही याच मंडळीतले. वडिलांना नीतिसूत्रांतली छडी मुखोद्गत होती. सातवीत असताना मी दानाच्या थैलीतले आठ आणे उचलले आणि रात्री आपणहून सांगितले. तरीही छडी बसली. मी हळूच रडलो. पुढे कित्येक वर्षे त्यांना खरे सांगितले नाही.

तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाचा जो दंड धीर देतो, त्याला मूळ हिब्रूत नीतिसूत्रांतल्या छडीचाच शब्द आहे. हे मला फार उशिरा कळले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली शारीरिक शिक्षा बेकायदा ठरवली. घर मात्र त्या कायद्याच्या बाहेरच राहिले.

परवा मुलाने आपणहून चूक सांगितली. माझा हात उचलला गेला होता. सुझॅनाबाईंचा दुसरा नियम आठवला, आणि मी तो खाली घेतला.