दुर्गापूरहून मोहर्लीला

मोहर्लीला लोक जातात ते वाघ पाहायला. आम्हीही त्यासाठीच निघालो होतो. परीक्षा संपल्यावर ताडोबा दाखवू, असा शब्द मुलांना दिला होता. पण वाटेत दुर्गापूर लागतं आणि दुर्गापूरला मामू राहतात. त्यांच्याकडे मुक्काम न करता पुढे गेलो असतो तर नागपूरला परतल्यावर नानीने आम्हाला दारातच उभं केलं असतं.

चंद्रपूर शहर संपतं न संपतं तोच दुर्गापूर सुरू होतं. एकीकडे कोळसा खाणी, दुसरीकडे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. मामूंनी वर्धा खोऱ्यातल्या एका खाणीत चौतीस वर्षं काढली, आधी जमिनीखाली आणि मग उघड्या खाणीत. आता त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांच्या घरात सगळेच मोठ्याने बोलतात. आमच्या धाकट्याला पहिल्या तासाभरात वाटलं, इथे भांडण चालू आहे.

जेवणं झाल्यावर गच्चीवर बसलो. येताना वरोरा लागलं होतं, ते सांगितलं. मामू म्हणाले, "कोळशाची सुरुवात तिथूनच झाली." खरंच आहे. 1870 च्या दशकात इंग्रजांनी वरोऱ्याची खाण चालू केली, कारण रेल्वेला कोळसा हवा होता. ती 1906 च्या सुमारास बंद पडली, पण तोवर बल्लारपूरला काम सुरू झालं होतं. पुढे 1945 साली बल्लारपूरच्या कागद कारखान्याची कंपनी उभी राहिली, मग सिमेंट आलं आणि 1983 मध्ये वीज केंद्राचा पहिला संच चालू झाला. गोंड राजांचं जुनं परकोटाचं शहर आणि भोवती रान, अशी ज्या चांदा जिल्ह्याची ओळख होती, तिथे तेलंगणातून, छत्तीसगडमधून, उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसं आली. मामूंच्या गल्लीत आजही मराठी, हिंदी आणि तेलुगू एका वाक्यात ऐकू येतात.

आमच्या घराण्याची गोष्ट मात्र कोळशाच्या आधी सुतापासून सुरू होते. नागपूरला पणजोबांच्या घरात हातमाग होता. पुरुष विणत, बायका-मुलं कांड्या भरत. काम कमी नव्हतं आणि पैसाही फार नव्हता. पण माग घरात होता. अजान झाली की हात थांबायचा, घरात कुणी आजारी असलं की माग थांबायचा आणि ईदच्या आधी रात्र-रात्र चालायचा. 1 जानेवारी 1877 ला नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचं कापड स्वस्त पडू लागलं तशी मागावरची कमाई आटत गेली. शेवटी आमच्या दादांनी गिरणीत नाव घातलं. दादी सांगायची, पहिला पगार आला तेव्हा घर खूश झालं, पण त्या दिवसापासून दादांचं जेवण, झोप आणि नमाजसुद्धा भोंग्याच्या हिशेबाने होऊ लागली. जुनं सगळं चांगलं होतं असं आम्ही म्हणणार नाही. उधारीवर सूत देणारा सावकार हातमागाच्या काळातही होताच, आणि ठरलेल्या तारखेला हातात येणारा पगार ही काही छोटी गोष्ट नव्हती. त्या पगारावर अब्बांचं शिक्षण झालं. ती गिरणीही 2002 मध्ये बंद झाली.

भिवंडीच्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. चंद्रपूरहून एक मोठी वीजवाहिनी निघते ती थेट पडघ्याला, म्हणजे भिवंडी तालुक्यातच पोचते. लांबी सुमारे 750 किलोमीटर, क्षमता 1500 मेगावॅट. आपल्याकडचे यंत्रमाग खडखडत असतील तेव्हा त्या विजेत थोडा वाटा मामूंच्या खोऱ्यातल्या कोळशाचाही असेल, असं समजायला हरकत नाही.

पहाटे फजर पढून निघालो. मामूही गाडीत बसले. वाघाचं त्यांना कौतुक नव्हतं. "वाघ आमच्या खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यावर येऊन बसायचा. पाळी सुटली की आम्ही टॉर्च मारून बघायचो." त्यात चेष्टेचा भाग थोडा. फेब्रुवारी 2022 मध्ये वीज केंद्राच्या परिसरात एका कामगाराचा वाघाने जीव घेतला आणि त्याच सुमारास दुर्गापुरात एक मुलगा बिबट्याच्या तोंडी गेला. त्यानंतर मामी संध्याकाळी नातवंडांना अंगणातही सोडत नाही.

पद्मापूर मागे पडलं आणि ट्रकांची रांग संपली. आगरझरीच्या पुढे साग, ऐन आणि बांबू लागले, आणि मोहर्लीजवळ डावीकडे इरई धरणाचं पाणी दिसू लागलं. एप्रिलचा महिना, पण इतकं पाणी, वर पाणपक्ष्यांचे थवे. मोठीने विचारलं, "हे तळं वाघांसाठी केलंय का?" मामूंना प्रश्न ऐकू गेला नाही. आम्हीच सांगितलं की वीज केंद्राला पाणी लागतं म्हणून हे धरण बांधलं, चंद्रपूर शहरही हेच पाणी पितं. म्हणजे जंगलातलं हे सुंदर दृश्यही कारखान्याचंच.

मोहर्लीच्या फाटकावर जिप्सींची रांग लागली होती. आमच्याबरोबर गाईड म्हणून एक ताई आली. गावातलीच, खाकी कपडे, तिशीच्या आतबाहेर. गाभ्यात मोबाईल चालत नाही, तो जमा केला. वाघ दिसला नाही, हे आधीच सांगून टाकतो. रानकुत्री दिसली, एक अस्वल झुडपात शिरताना दिसलं, आणि गवे.

पण ताईशी बोलणं झालं. तिचे वडील कागद कारखान्यासाठी बांबू कटाईला जायचे. "महिना-महिना जंगलातच राहत. उन्हाळ्यात मोहफूल, मग तेंदूपत्ता, पावसाळ्यात धान. घड्याळ कोणाले माहीत होतं?" ती हसली. "आता माही सकाळची पाळी, दुपारची पाळी. मंगळवारी सुट्टी." मामूंनी हे मात्र ऐकलं. पाळी हा शब्द त्यांना बरोबर ऐकू येतो. ते पुढे वाकून म्हणाले, "म्हणजे बेटी, तुझं अन् माझं काम एकच."

ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 1986 मध्ये अंधारी अभयारण्य आणि 1995 मध्ये व्याघ्र प्रकल्प. गाभ्यातली गावं 2007 पासून बाहेर हलवली जाऊ लागली. त्यांतल्या एका गावाचं नावच कोळसा. मामूंना ते ऐकून इतकं हसू आलं की ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. बांबूचंही चित्र पालटलंय. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून गावाने आपला बांबू स्वतः विकला. कारखान्याचा कटाई मजूर ते विकणारा मालक, एवढं अंतर त्या गावाने एका पिढीत तोडलं. मोहर्लीच्या ताईला असा हक्क नाही, पण तिच्या हाती ठरलेली मजुरी येते आणि तिची मुलगी शाळेत जाते. आई अजून मोहफुलाला जाते का, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "जाते. आम्ही नाही म्हणतो, तरी जाते." मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाने मारल्या. विडीचं पान घरी येतं ते असं.

तिचा भाऊ एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. आमच्या मामेभावाचंही तेच. आयटीआय केलेला, इलेक्ट्रिशियन, सहा वर्षांपासून ठेकेदार बदलतात आणि त्याच्या गळ्यातला पास बदलतो. मामूंना कामाबरोबर क्वार्टर, दवाखाना, भविष्य निर्वाह निधी सगळं मिळालं होतं. 1973 मध्ये खाणी सरकारी झाल्यानंतर नोकरीला लागलेली ती पिढी. मुलगा तेच काम करतो, पण लग्नाची बोलणी निघाली की मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, "पर्मनंट आहे का?" दोन स्थळं एवढ्यावर परत गेली. मामी हे सांगताना स्वयंपाकघरात हळू बोलली. त्या घरात हळू बोललेलं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

संध्याकाळी परतलो तेव्हा तो रात्रपाळीला निघाला होता. तिसरं स्थळ रविवारी यायचं होतं, चंद्रपूरचंच, मुलगी नर्सिंग शिकलेली. रविवारची सुट्टी त्याने मागितली होती, ठेकेदाराने अजून काही सांगितलं नव्हतं. मामीने डबा दिला आणि झुडपांच्या वाटेने जाऊ नकोस, मोठ्या रस्त्याने जा, असं दोनदा बजावलं. मामू ओट्यावर बसले होते. मोटरसायकल सुरू झाली तसा त्यांनी हात वर केला, आणि दिवा वळणावरून दिसेनासा होईपर्यंत तो तसाच ठेवला.