सा कुठं चढला?

पुणे, रविवार

ती. मावशीस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "आता आवाज राहिला नाही रे, रेकॉर्डिंग बंद करते." ते मनाला फार लागलं. तू पाठवलेली यमनची फाइल आज पेटी शेजारी घेऊन ऐकली. तुझा सा ढळलेला नाही. तो काळी चारलाच लागलाय. फाइलमध्ये तो चढलेला आहे हे खरं, पण चढवलाय यंत्रानं.

फाइलमधला सा पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या अगदी मधोमध येतो. तंबोऱ्याच्या तारा ऐकल्या, तर त्याही तेवढ्याच चढलेल्या. गळा चुकला असता तर तंबोरा जागेवर राहिला असता ना? शिवाय लयही पळतेय, आणि तुझी लय कधी पळत नाही. सूर आणि लय दोन्ही एकाच प्रमाणात वाढले, की गाणाऱ्याला दोष द्यायचा नाही, सॅम्पल रेट पाहायचा.

माइकमधून आलेला आवाज माइक आणि आयपॅड यांच्यामधला इंटरफेस सेकंदाला 44,100 वेळा मोजतो, किंवा 48,000 वेळा. हाच सॅम्पल रेट. पहिला आकडा 1982 साली सीडी बाजारात आली तिच्याबरोबर रुळला, दुसरा व्हिडिओच्या कामात. दोन्ही चांगले. गाण्यासाठी कुठला बरा यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, त्यात तू पडू नकोस. फक्त इंटरफेस आणि ॲप यांचा आकडा एकच हवा. इंटरफेस 44,100 नं मोजतोय आणि ॲप त्याला 48,000 धरून चाललंय, असं झालं की वाजवताना तीच मापं घाईनं बाहेर पडतात. सूर जवळजवळ दीड अर्धस्वरानं चढतो आणि 10 मिनिटांचा ख्याल 9 मिनिटं 11 सेकंदांत उरकतो. तुझ्या फाइलमध्ये नेमकं हेच झालंय. उलटं झालं तर सूर उतरतो आणि गाणं रेंगाळतं.

खात्री करायला कान लावायचीही गरज नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून 1 मिनिट रेकॉर्ड कर आणि फाइलची लांबी बघ. 60 सेकंद दिसले तर सगळं ठीक. 55 दिसले तर गडबड तीच. 65 दिसले तरी तीच, उलट्या बाजूनं.

तुझ्याकडे हे बहुधा ठेक्याच्या ॲपमुळे होत असावं. ते आधीपासून चालू असतं, मग तू रेकॉर्डिंगचं ॲप उघडतेस, आणि दोघं वेगवेगळा दर मागतात. तेव्हा आधी सगळी ॲप्स बंद कर, नुसती मागं ढकलू नकोस, पूर्ण बंद कर. इंटरफेसची केबल काढ. रेकॉर्डिंगचं ॲप एकटं उघडून त्याच्या सेटिंगमध्ये 48,000 ठेव, मग केबल लाव, आणि ठेका सगळ्यांत शेवटी सुरू कर. त्यानंतर घड्याळाची चाचणी पुन्हा घे. एवढं करूनही 55 च आले, तर गॅरेजबँडमध्ये एक मिनिट रेकॉर्ड करून बघ, ते फुकट मिळतं. तिथं 60 आले तर इंटरफेस निर्दोष आहे, तुझ्या रेकॉर्डिंगच्या ॲपचं सेटिंग चुकलंय.

दुकानदार नवा इंटरफेस घ्यायला सांगतोय ना? घेऊ नकोस. आयपॅडवर ड्रायव्हर टाकावा लागत नाही. इंटरफेस क्लास कम्प्लायंट, म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारा, असला म्हणजे झालं, आणि तुझा आहे, नाहीतर एवढंही रेकॉर्ड झालं नसतं.

मधेच इंटरफेसचा दिवा विझतो म्हणालीस, ते वेगळं दुखणं आहे, विजेचं. तुझा कंडेन्सर माइक 48 व्होल्टच्या फँटम पॉवरवर चालतो, आणि यूएसबीतून मिळतात 5 व्होल्ट. ती सगळी चढण इंटरफेसला आयपॅडच्या जिवावर करावी लागते. जुन्या आयपॅडला ते झेपत नाही, मग ॲक्सेसरीला जास्त वीज लागते अशी सूचना येते किंवा दिवा विझतो. तुझ्या कॅमेरा ॲडॅप्टरला यूएसबीशेजारी आणखी एक खाच आहे. ती चार्जरसाठीच आहे, रिकामी ठेवू नकोस.

चार्जर लावल्यावर हेडफोनमध्ये घुंऽऽ असा आवाज आला तर चार्जरऐवजी पॉवर बँक लावून बघ. आवाज गेला, तर खोट चार्जरमध्ये किंवा घरातल्या अर्थिंगमध्ये असू शकते. वाड्यातल्या त्या जुन्या वायरिंगचं मला आधीपासून भय आहे. काकांना सांगून वायरमन बोलावच, रेकॉर्डिंगसाठी नाही तरी सुरक्षेसाठी.

आता तडतड, आणि स्वतःचाच आवाज मागून ऐकू येण्याचं. या दोन तक्रारी एकमेकींच्या उलट्या आहेत, म्हणून एक मिटवायला गेलीस की दुसरी उभी राहते. आयपॅड आवाज ओंजळीओंजळीनं उचलतो, त्या ओंजळीचं माप म्हणजे बफर. 128 सॅम्पलचा बफर भरायला 3 मिलिसेकंदही लागत नाहीत, पण आयपॅडची धांदल होते आणि तडतड सुरू होते. 1024 ठेवलास तर तडतड थांबते, पण एका ओंजळीलाच 20 मिलिसेकंदांवर वेळ जातो, आणि जायला-यायला मिळून त्याहून जास्त. तान घेताना तेवढा उशीर गळ्याला अडखळवतो.

यातून सुटका इंटरफेसवरच आहे. पुढच्या बाजूला डायरेक्ट मॉनिटर असं बटण आहे, ते दाब. मग तुझा आवाज आयपॅडमध्ये न जाता थेट हेडफोनमध्ये येतो, उशीर लागतच नाही. त्याच वेळी ॲपमधलं मॉनिटरिंग आठवणीनं बंद कर, नाहीतर आवाज दुहेरी येईल. तू बहुधा दोन्ही चालू ठेवतेस, म्हणून तो मागून येणारा आवाज. हे जमलं की बफर खुशाल 1024 ठेव. गाणाऱ्याला लहान बफर लागतो हे जे सगळीकडे सांगतात, ते ॲपमधून स्वतःला ऐकणाऱ्यांसाठी. हेडफोन मात्र वायरचाच घे. ब्लूटूथचा उशीर कुठल्याच सेटिंगनं जात नाही.

यमनची फाइल पुसू नकोस. ती मी इथं मूळ वेगावर आणून परत पाठवतो. ऐक, म्हणजे तुझ्या सा बद्दल मी लिहिलंय ते पटेल.

मावशी, तुझ्या गुरुजींनी समोर बसवून शिकवलेल्या कितीतरी बंदिशी वहीत आहेत, पण त्यांची चाल फक्त तुझ्या गळ्यात आहे. वहीवरून ती कुणालाच उचलता येणार नाही. म्हणून रेकॉर्डिंग बंद करू नकोस. या आठवड्यात बिहागातली ती विलंबित बंदिश रेकॉर्ड कर आणि जशी होईल तशी पाठव. काही अडलं तर रात्री कितीही वाजता फोन कर.

काकांना सा. न.

तुझा भाचा