पुसद ते माहूर : मायलेकींचा प्रवास

पुसद हे गाव केवळ पाहण्यासाठी म्हणून सहसा कोणी येत नाही; येतात ते कापसाच्या, कोर्टकचेरीच्या किंवा सोयरिकीच्या कामाने. वऱ्हाडच्या दक्षिण अंगाला, पूस नदीच्या काठी, डोंगरांच्या ओळींमध्ये वसलेले हे तालुक्याचे ठिकाण. १९०५ साली जुना वाशीम जिल्हा मोडला, तेव्हा पुसद तालुका यवतमाळला जोडला गेला. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी येथल्याच राखीव जंगलात गवत कापून कायदेभंग केला. वसंतराव आणि सुधाकरराव असे नाईक घराण्यातील दोन मुख्यमंत्री महाराष्ट्राला देणारे गहुली हे खेडेही याच तालुक्यातले. तथापि पुसदच्या एखाद्या वृद्ध गृहिणीला तिच्या गावाचे महत्त्व विचारावे, तर ती या सर्वांच्या आधी सांगेल, "आमच्याकडून माहूर जवळ."

जवळ म्हणजे पन्नास-साठ किलोमीटर. साडेतीन शक्तिपीठांपैकी कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही तीन पूर्ण, वणीची सप्तशृंगी हे अर्धे. माहूरची रेणुका आमच्या घराची कुलस्वामिनी. मातोश्रींनी लग्नानंतर माहूरच्या सात-आठ वाऱ्या केल्या. परंतु प्रत्येक वेळी बरोबर सासरची सारी मंडळी, मुलेबाळे, फराळाचे डबे आणि पाण्याच्या कळशा. "देवी कशी दिसते?" असे विचारले, तर त्या म्हणत, "नथ तेवढी दिसली. तेवढ्यात धाकटा रडायला लागला."

वडील गेल्यावर त्या वाऱ्याही थांबल्या. कोणी त्यांना अडविले नव्हते. पण देवीला जायचे म्हणजे ओटी भरायची, आणि ओटी भरायची ती सुवासिनीने, हा आपल्या घरांतला न बोललेला नियम. दोन वर्षे त्यांनी माहूरचे नाव काढले नाही. मार्गशीर्ष लागला आणि एके रात्री त्या सहज म्हणाल्या, "तू ओटी भर. मी मागे उभी राहीन." दुसऱ्याच दिवशी पहाटे आम्ही मायलेकी निघालो. मोटार हाकायला लेक, वाट सांगायला आई. सोबत दुधातल्या दशम्या आणि जवसाची चटणी. कोणा पुरुषाला बरोबर घेतले नाही, याची शेजारी थोडी चर्चा झाली असावी.

पुसद मागे पडले की रस्ता शेतांतून महागावकडे जातो. दोन्ही हातांना फुटलेल्या बोंडांची पऱ्हाटी, मध्ये तुरीच्या पिवळ्या फुलांची तासे, आणि दूर डोंगरउतारावर पानगळीस लागलेला साग. अधूनमधून बंजाऱ्यांचे तांडे लागतात. एका वळणावर कापूस वेचायला निघालेल्या बायांचा घोळका भेटला. त्यांच्यातही एक म्हातारी आणि तिला धरून चालणारी तिची लेक होती. मातोश्री मागे वळून बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

धनोड्याला पैनगंगा आडवी येते. आज पुलावरून मोटार अर्ध्या मिनिटात पार होते. पण एके काळी ही नदी म्हणजे दोन राज्यांची शीव होती. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि पैलतीर निजामाचाच राहिला. मातोश्रींच्या सासूबाई सांगत, की पलीकडे नाणेसुद्धा निराळे, हाली शिक्क्याचे, आणि करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडी सोडून दाखवावी लागत. देवीच्या ओटीचा खणही त्यातून सुटत नसे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. कुलदेवी परमुलखात आणि भक्त इकडे, अशी जवळजवळ शंभर वर्षे गेली, तरी वारी चुकली नाही.

माहूर हे प्राचीन मातापूर. गावाच्या माथ्यावर रामगड किल्ला. गोंड, बहमनी, निजामशाही, मोगल अशी अनेक सत्तांची निशाणे त्याने पाहिली. येथल्याच देशमुख घराण्यातील सावित्रीबाई पतीच्या पश्चात स्वतः फौज घेऊन लढल्या व मोगल दरबाराकडून 'रायबागन' हा किताब मिळविला. १६६१ साली उंबरखिंडीत शिवरायांनी कारतलबखानाला कोंडले, तेव्हा त्याच्या सैन्यात या बाई होत्या. त्यांचा पक्ष आपल्याला प्रिय नसला, तरी वैधव्यानंतर घोड्यावर बसून सह्याद्रीपर्यंत जाणारी माहूरची ही बाई विसरण्याजोगी नाही.

रेणुकेच्या मंदिराला दोन-अडीचशे पायऱ्या आहेत. मातोश्रींचे गुडघे दुखरे. दहा पायऱ्या चढायच्या, कठड्याला टेकायचे, असा क्रम चालला. वाटेत एका दुकानदारीण बाईने खण, नारळ, हळदकुंकू असलेली दोन ताटे पुढे केली. एकच पुरे, असे आम्ही म्हणणार, तोच ती म्हणाली, "दोघी आलात, तर दोन घ्या माय." मातोश्रींनी हात पुढे केला नाही आणि मागेही घेतला नाही. आम्ही दोन्ही ताटे घेतली आणि काही न बोलता चढू लागलो.

माहूरची कथा सर्वश्रुत आहे. सहस्रार्जुनाने जमदग्नींचा घात केला. परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात पित्याचा देह व दुसऱ्यात माता असे घेऊन कोरी भूमी शोधली, ती येथे सापडली. दत्तात्रेय आचार्य झाले आणि रेणुका पतीबरोबर सती गेली. मग परशुराम आईसाठी शोक करू लागला. ती भूमीतून पुन्हा प्रकट होईल, मात्र मागे वळून पाहू नकोस, असे त्याला सांगितले होते. पण लेकराला धीर निघाला नाही. त्याने वळून पाहिले, तोवर मुख तेवढे वर आले होते. म्हणून माहूरला पूर्ण मूर्ती नाही. शेंदूरचर्चित मुखाचीच पूजा आहे.

शेवटच्या टप्प्यावर मातोश्री थांबल्या. श्वास आवरून म्हणाल्या, "म्हणजे आपण पूजतो ती जमदग्नी गेल्यानंतरची." आम्ही काही उत्तर दिले नाही. "नवऱ्यासाठी गेली खरी, पण परत आली ती मुलासाठी," असे स्वतःशीच बोलून त्यांनी लेकीच्या हातातले एक ताट घेतले.

गर्दी नव्हती. त्यांनी सावकाश खण ठेवला, नारळ ठेवला, तांदळाची ओंजळ वाहिली. पुजाऱ्यांनी काही विचारले नाही. इतर बायांनीही वळून पाहिले नाही. प्रसाद म्हणून येथे कुटलेला तांबूल देतात. दात गेलेल्या माणसालाही तो खाता येतो, याचे मातोश्रींना फार कौतुक वाटले. नंतर दत्तशिखर आणि अनसूयेचे शिखर पाहून, झाडाखाली दशम्या खाऊन, दिवस मावळायच्या आत आम्ही पैनगंगा ओलांडली.

ज्यांना जायचे असेल, त्यांनी नवरात्र व दत्तजयंतीची दाटी टाळून सकाळी लवकर पोहोचावे. वृद्धांना पायऱ्यांवर उसंत मिळते. शास्त्र काय सांगते, हा वाद विद्वानांनी करावा. आमचे सांगणे इतकेच, की ज्या घरांत ओटीचे ताट एखाद्या आईच्या हातातून निमूटपणे काढून घेतले गेले असेल, तेथल्या लेकींनी तिला एकदा माहूरला न्यावे. वाटेत तिची समजूत घालीत बसू नये. ताटे मात्र दोन घ्यावीत.