कर्ज आणि विश्वास

कर्ज ही घरातील गोष्ट. ती उंबरठ्याबाहेर जाऊ नये, अशी आपली जुनी समजूत आहे. वसुलीचा माणूस दाराशी आला, तर शेजाऱ्यांच्या कानी पडू नये म्हणून त्याला आत बोलावून चहा देणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. परंतु काही कामे अशी असतात की, तेथे मनुष्याचे कर्ज हा केवळ त्याचा खाजगी प्रश्न राहत नाही.

माझा पुतण्या अमेरिकेचा नागरिक असून संरक्षणविषयक कामे करणाऱ्या एका कंपनीत अभियंता आहे. तेथे गोपनीय कागदपत्रे हाताळण्यास सरकारची सुरक्षा-परवानगी लागते, आणि ती देण्यापूर्वी उमेदवाराची कसून चौकशी होते. नेमक्या त्याच सुमारास, सूनबाईंच्या दीर्घ आजारामुळे इस्पितळाची बिले थकली होती आणि क्रेडिट कार्डावरील देणेही वाढले होते. "काका, हे सारे प्रश्नावलीत लिहावे लागणार. लिहिले तर काम जाईल. आणि काम गेले तर देणी फेडू कशाने?" असे तो दूरध्वनीवर म्हणाला, तेव्हा त्याचा आवाज मला परका वाटला.

माझी हयात केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात गेली. नियम वाचण्याची सवय अजून सुटलेली नाही. म्हणून तेथील नियम मी मागवून वाचले.

सरकारला कर्जाची एवढी धास्ती का, याचे उत्तर इतिहासात सापडते. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेतील ऑल्ड्रिच एम्स या अधिकाऱ्याने 1985 साली, घटस्फोट व देणी यांनी ग्रासलेला असताना, सोव्हिएत युनियनला गुपिते विकण्यास आरंभ केला. पुढे त्याने 5,40,000 डॉलरचे घर रोख पैसे देऊन घेतले, तरी 1994 च्या फेब्रुवारीपर्यंत तो पकडला गेला नाही. त्याने नावे फोडल्यामुळे अनेकांना प्राणास मुकावे लागले. अडचणीत सापडलेल्या माणसाला विकत घेणे सोपे, हा या प्रकरणाचा धडा होय.

तथापि, कर्जबाजारी मनुष्य अप्रामाणिकच असतो, असे नियम मानीत नाहीत. 2017 च्या जूनपासून लागू झालेल्या मार्गदर्शक सूचनांत एकूण 13 कसोट्या आहेत. त्यांतील सहावी आर्थिक व्यवहारांची. अमुक डॉलरपेक्षा अधिक कर्ज असल्यास अपात्र, अशी रेषा तीत कोठेच नाही. ऐपत असूनही देणे न फेडणे, कर चुकविणे, जुगारासाठी उसने काढणे, उत्पन्नाशी न जुळणारी श्रीमंती दाखविणे, हे दोष मानले आहेत. उलट आजारपण, बेकारी, घटस्फोट, घरातील मृत्यू अशा हाताबाहेरच्या कारणांनी कर्ज झाले व मनुष्य त्याला जबाबदारीने सामोरा गेला, तर ते त्याच्या बाजूने धरले जाते. मात्र हेतुपुरस्सर माहिती लपविणे हा पाचव्या कसोटीतील, म्हणजे वैयक्तिक वर्तनातील, निराळा दोष आहे. कर्ज सांगणाऱ्याला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, लपविणाऱ्याला दोहोंचे.

हे मी पुतण्याला कळविले. त्याबरोबर हेही कळविले की, अखेर शंका उरलीच, तर ती राष्ट्राच्या सुरक्षिततेच्या बाजूने सोडविली जाते. तेव्हा खात्री कोणीच देऊ शकत नाही. पतिपत्नींनी एकत्र बसून देण्यांची यादी केली. नफा न घेणाऱ्या एका सल्ला-संस्थेच्या मदतीने हप्ते ठरविले. प्रत्येक पावती जपून ठेवली, आणि प्रश्नावलीत एकही देणे गाळले नाही. कित्येक महिन्यांनी परवानगी आली. कर्ज अजून फिटावयाचे आहे. पण टपालातील पाकीट उघडताना आता हात थरथरत नाही, असे सूनबाई सांगतात.

आपल्याकडेही ही दृष्टी नवी नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 मधील सतरावा नियम सांगतो की, सरकारी सेवकाने आपले खाजगी व्यवहार असे ठेवावेत की, सततचा कर्जबाजारीपणा टळेल. कर्जवसुलीचा दावा झाल्यास त्याने सर्व हकीकत तत्काळ सरकारला कळवावी. आणि कर्ज उधळेपणाने नव्हे, तर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाले, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच राहील.

हा भार पेलण्याची तयारी घरातच व्हावयास हवी. ज्या घरात देण्यांची वही नवरा-बायको दोघांनाही उघडून पाहता येते, त्या घरातील मनुष्याला कोणत्याही चौकशीत नवे असे काही कबूल करावे लागत नाही. सरकार ज्याला विश्वास म्हणते, त्याची पहिली नोंद त्या वहीत होत असते.