नेपल्सच्या मत्स्यालयाचा वरचा मजला

नेपल्सला गेलेला आपल्याकडचा प्रवासी सहसा तीन गोष्टी करून येतो. व्हेसूव्हियसच्या तोंडाशी उभा राहून फोटो काढतो, पाँपेईच्या उन्हात पाय भाजून घेतो आणि कॅप्रीच्या बोटीत बसतो. समुद्रकाठच्या व्हिला कोमुनाले या लांबलचक बागेत झाडांच्या आड एक भारदस्त जुनी इमारत आहे, तिच्याकडे तो फारसा फिरकत नाही. मुले बरोबर असली तर मात्र पाय तिकडे वळतात, कारण तळमजल्यावर मत्स्यालय आहे. आमचेही तसेच झाले.

मरीन ड्राइव्हवर फिरणाऱ्या मुंबईकराला हा किनारा परका वाटत नाही. तीच किनाऱ्याची कमान, तीच संध्याकाळी फिरायला निघालेली कुटुंबे. फक्त मलबार हिलच्या जागी ज्वालामुखी. आपले तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले, नेपल्सचे १८७४ मध्ये. मधे बरीच वर्षे डागडुजीसाठी बंद राहून ते २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. आत समुद्रघोडे आहेत, वामेच्या जातीचे दातविचके मासे आहेत, आणि ऑक्टोपस आहे. मुलांना त्याच्यापुढून हलवणे कठीण. या ऑक्टोपसाच्या भाऊबंदांना १९५० च्या सुमारास यंग आणि बॉयकॉट या इंग्रज शास्त्रज्ञांनी इथेच शाळेत घातले होते. नुसता खेकडा दिसला तर खा. खेकड्याजवळ पांढरी पाटी दिसली तर विजेचा झटका! ऑक्टोपस हा धडा शिकला आणि पाटीवाल्या खेकड्याच्या वाटेला जाईनासा झाला. आमच्या ओळखीच्या काही माणसांपेक्षा लवकर शिकला, असे म्हणायला हरकत नाही.

पण मला सांगायचे आहे ते वरच्या मजल्याविषयी.

अँटोन डोर्न हा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ डार्विनचा भक्त. सागरी प्राण्यांच्या अभ्यासासाठी तो सिसिलीत मेसिनाला गेला, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की इथे येणारा प्रत्येक विद्वान खोली शोधण्यापासून सुरुवात करतो. मग भांडी, मग औषधे, मग कोळ्यांशी घासाघीस. आणि काम रंगात येईतो परतीचा दिवस उजाडतो. पुढे बर्लिनचे नवे मत्स्यालय आणि तिथली तिकिटांची गर्दी पाहून त्याला युक्ती सुचली. खाली मत्स्यालय, वर प्रयोगशाळा; खालच्या पैशावर वरचे संशोधन! नेपल्स शहराने बागेतली जागा फुकट दिली, १८७२ मध्ये बांधकाम सुरू झाले. डोर्नने घरचा पैसा ओतला. डार्विनने आणि त्याच्या मुलांनी मिळून १०० पौंड पाठवले.

तिकिटांवर सगळे भागेना, तेव्हा डोर्नने दुसरी शक्कल काढली. तिला ‘टेबल’ पद्धत म्हणतात, पण मला ती सरळ आपल्या खाणावळीसारखी वाटते. निरनिराळ्या देशांच्या सरकारांनी आणि विद्यापीठांनी वर्षाचे पैसे भरून एकेक टेबल राखून ठेवायचे. त्यांच्या माणसाने यायचे आणि बसायचे. रोज सकाळी ताजे प्राणी, रसायने, ग्रंथालय, सारे मांडून तयार. काय शोधायचे हे मात्र त्याचे त्याने ठरवावे. अमेरिकेतल्या स्त्रियांनीही १८९० च्या दशकात वर्गणी जमवून एक टेबल घेतले. ऐडा हाइड या विदुषीने त्यासाठी पुढाकार घेतला होता. आणि प्राणी सांभाळायला होता साल्व्हातोरे लो बियांको. नेपल्सचाच पोरगा, चौदाव्या वर्षी इथे नोकरीला लागलेला. मऊ, पारदर्शक, हात लावताच विरघळेल असे प्राणी जसेच्या तसे टिकवण्यात त्याचा हात युरोपात कोणी धरला नाही.

या टेबलांवर बसून झालेल्या कामांतले एकच सांगतो. सी-अर्चिन म्हणजे समुद्रातला काटेरी चेंडू. त्याचे अंडे नितळ असते आणि फलन बशीभर समुद्राच्या पाण्यात, डोळ्यांदेखत होते. थिओडोर बोव्हेरी आणि त्याची पत्नी मार्सेला यांनी नेपल्सला अशी अंडी निवडली, की ज्यांत एकाऐवजी दोन शुक्रजंतू शिरले आहेत. अशा अंड्याच्या एकदम चार पेशी होतात आणि रंगसूत्रांची वाटणी वाटेल तशी होते. कुणाला जास्त, कुणाला कमी. त्यातून निपजणारी पिल्ले जवळजवळ सगळीच बिघडलेली! १९०२ मध्ये बोव्हेरीने निष्कर्ष काढला, की प्रत्येक रंगसूत्राचे काम वेगळे आहे आणि पुरा संच असल्याशिवाय जीव नीट घडत नाही. पुढे १९१४ मध्ये त्याने मांडले, की कर्करोगाचे मूळही रंगसूत्रांच्या अशाच गोंधळात असावे. बशीभर पाण्यातून माणूस कुठवर पोचला पाहा.

पुढच्याच वर्षी इटली युद्धात उतरली. संस्था जर्मन घराण्याची, म्हणून सरकारजमा झाली. डोर्नचा मुलगा राइनहार्ड याला ती परत मिळायला १९२४ साल उजाडले. दुसऱ्या महायुद्धात नेपल्सवर बॉम्बवर्षाव झाला. देशोदेशीच्या माणसांनी शेजारी शेजारी बसायचे, हीच ज्या घराची कल्पना, त्याला युद्धाइतका मोठा शत्रू नाही.

म्हणून १९५१ च्या मे महिन्यात इथे भरलेल्या छोट्या परिषदेचे मला अप्रूप वाटते. आंतरराष्ट्रीय परिषद म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हारतुरे, कोटाला लावलेले बिल्ले आणि स्वागताध्यक्षांचे लांबलेले भाषण उभे राहते. ही मूठभर माणसांची बैठक होती. विषय, जिवंत पेशीतल्या मोठ्या रेणूंची घडण. लंडनहून रँडल यायचे होते, ते आलेच नाहीत. त्यांच्या जागी मॉरिस विल्किन्स आला. युद्धकाळात अमेरिकेत अणुबॉम्बच्या योजनेत काम केलेला हा पदार्थवैज्ञानिक आता जीवशास्त्राकडे वळला होता. त्याने पडद्यावर डीएनएचे क्ष-किरणांनी घेतलेले चित्र दाखवले. कोपनहेगनहून आपल्या मार्गदर्शकाबरोबर आलेला तेवीस वर्षांचा जेम्स वॉटसन श्रोत्यांत होता. ते चित्र पाहून त्याला उमगले, की डीएनएची घडण स्फटिकासारखी रेखीव आहे, म्हणजे ती शोधून काढता येईल. परिषदेची सहल पेस्टमच्या ग्रीक देवळांना गेली, तेव्हा त्याने विल्किन्सशी सूत जुळवायची धडपड केली. बरोबर आलेल्या बहिणीमुळे ओळख वाढेल, अशीही आशा धरली. विल्किन्स निसटला! त्याच वर्षी वॉटसन केंब्रिजला गेला, तिथे क्रिक भेटला, आणि १९५३ मध्ये डीएनएची दुहेरी गोफाची रचना जगापुढे आली. तिला आधार होता तो लंडनच्या रोझालिंड फ्रँकलिन हिने घेतलेल्या क्ष-किरण चित्रांचा. १९६२ चे नोबेल मात्र वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळाले. ती १९५८ मध्येच वारली होती.

सागरी जैवतंत्रज्ञान हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. त्या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद टोकियोला भरली १९८९ मध्ये. आज डोर्नच्या संस्थेतही त्याचा स्वतंत्र विभाग आहे, आणि जुना काटेरी चेंडू अजून कामाला आहे. डायाटम या सूक्ष्म शैवालावर चरणाऱ्या चिमुकल्या कोपेपॉडांची अंडी नीट उबत नाहीत, हे इथल्या संशोधकांच्या ध्यानात आले. शैवालातले अल्डिहाइड त्याला कारण, हे त्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. हीच द्रव्ये सी-अर्चिनच्या भ्रूणाची वाढ थांबवतात आणि बशीत वाढवलेल्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशींनाही आवर घालतात. बोव्हेरीला हे ऐकून मौज वाटली असती.

मात्र बशीतली पेशी मरणे वेगळे आणि रोगी बरा होणे वेगळे. कॅरिबियन समुद्रातल्या स्पंजात १९५० च्या सुमारास काही अनोखी द्रव्ये सापडली. त्यांच्या धर्तीवर रक्ताच्या कर्करोगावरचे सायटराबीन तयार होऊन अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली ती १९६९ मध्ये. नेपल्सच्या शैवालातल्या द्रव्यांना त्याहून अधिक वर्षे झाली, आणि ती अजून औषधाच्या बाटलीपर्यंत पोचलेली नाहीत.