अर्ज आणि आर्जव

या शाळेत इतिहास शिकविताना एक जादा काम आमच्याकडे आपसूक चालत आले. शाळा सोडून गेलेले विद्यार्थी नोकरीसाठी अर्ज करण्यापूर्वी त्यासोबतचे पत्र, ज्याला आता सर्रास कव्हर लेटर म्हणतात, आम्हांला दाखवून घेतात. कोणी परिचारिका असते, कोणी लेखापाल, कोणी तंत्रनिकेतनातून बाहेर पडलेला. पत्रांची सुरुवात मात्र बहुधा एकच: ‘मी अत्यंत गरीब कुटुंबातील असून...’ शेवटही ठरलेला: ‘नोकरी दिल्यास आपले उपकार जन्मभर विसरणार नाही.’ मधल्या जागेत त्या मुलाला काय येते, याचा पत्ता नसतो.

ही भाषा कोठून आली, हे इतिहासाच्या अभ्यासकास सांगावे लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना हात जोडून उभे राहावे लागले, त्यांच्या लेखणीलाही तीच सवय लागते. परंतु त्याच इतिहासात अर्जाची दुसरी परंपराही आहे. इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा स्वतः लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनमधील महारांच्या परिषदेने थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन केले. लष्करात, पोलिसांत व सरकारी खात्यांतील कनिष्ठ जागांवर आम्हांला घ्यावे, ही त्यातील मागणी होती. भाषा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नम्र होती; पण मागणीचा पाया होता तो बजावलेल्या सेवेचा. आम्ही हे काम केले आहे, म्हणून आम्हांला हे काम द्या. नोकरीच्या पत्राचे सारे मर्म या एका वाक्यात आहे.

दोन वर्षांपूर्वी परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली आमची एक माजी विद्यार्थिनी पत्र घेऊन आली. सात रुग्णालयांना तिने ते पाठविले होते. एकाही ठिकाणाहून बोलावणे नव्हते. पत्रात वडिलांची वीटभट्टीवरची मजुरी होती, आईचे आजारपण होते. सारे खरे होते. आम्ही विचारले, “बाळ, गेले वर्षभर तू काय करतेस?”

“तालुक्याच्या दवाखान्यात रात्रपाळी, सर. प्रसूती कक्षात.”

“मग ते पत्रात का नाही?”

“त्यात काय सांगायचं, सर? ते तर कामच आहे.”

आम्ही तिला पत्र नव्याने लिहावयास बसविले. पहिल्या दोन ओळींत पदाचे नाव आणि जाहिरातीचा दिनांक. दुसऱ्या परिच्छेदात काम: किती महिने, कोणत्या कक्षात, कोणती जबाबदारी एकटीने सांभाळली. तिसऱ्यात त्या रुग्णालयाची गरज. तेथे नवजात बालकांचा विभाग नव्याने सुरू होत होता, त्याला आपला अनुभव कसा उपयोगी पडेल ते. शेवटी परिचर्या परिषदेकडील नोंदणी क्रमांक, रुजू होता येईल ती तारीख, दूरध्वनी. सारे एका पानात. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ ही विशेषणे आम्ही खोडावयास लावली. कामाचा तपशील वाचणाऱ्यास ती आपोआप कळतात. आणखी एक. जागा राखीव असेल तेथे प्रवर्ग स्पष्ट लिहावा, प्रमाणपत्र जोडावे. तो संविधानाने दिलेला अधिकार आहे. त्याविषयी खाली मान घालून लिहिण्याचे कारण नाही.

तिने नवे पत्र मोठ्याने वाचले आणि थांबून म्हणाली, “सर, हे सगळं मीच केलंय ना?” पुढे तिला दोन ठिकाणांहून मुलाखतीची बोलावणी आली.

प्रत्येकाच्या बाबतीत असे घडेल, असे आश्वासन आम्ही देणार नाही. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आमच्यासमोर आहे. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठविले. दलित आडनावांना बोलावणी कमी आली. म्हणून उत्तर न आल्यास केवळ स्वतःला दोष देऊ नये. चांगल्या पत्राने ती भिंत पडत नाही. नाकारणाऱ्याच्या हातचे एक निमित्त मात्र जाते. शिवाय आपण काय करू शकतो, हे लिहिणाऱ्याला स्वतःला कळते. हा लाभ लहान नव्हे.

आमचे अनेक माजी विद्यार्थी आज टेबलाच्या पलीकडे बसून अर्ज वाचतात. त्यांच्याकडे एकच मागणे आहे. वर्षातून एक रविवार शाळेला द्यावा. वरच्या वर्गांतील मुलामुलींकडून एकेक पत्र लिहून घ्यावे, आणि ‘गरीब’ या शब्दापाशी लाल शाईने खूण करून समासात विचारावे: तुला काय येते?