वाक्य पुरतं होईपर्यंत

'द ओल्ड मॅन द बोट.' पाचच शब्द, एकही अवघड नाही, तरी वाचणारा अडतो. 'म्हातारा माणूस' एवढं मनात पक्कं होतं आणि पुढे क्रियापदच सापडत नाही. मागे फिरल्यावर कळतं, इथे 'मॅन' हेच क्रियापद. नावेवर राबणारी माणसं म्हातारी आहेत. व्याकरणात कुठेही खोट नाही.

भाषामानसशास्त्रज्ञ टॉमस बेव्हर यांनी १९७० साली अशाच एका घोड्याच्या वाक्याची चिकित्सा केली: 'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल.' कोठारापलीकडे कुणी दौडवलेला घोडा पडतो, एवढीच हकीकत. पण इंग्रजीत 'दौडला' आणि 'दौडवलेला' यांना 'रेस्ड' हे एकच रूप. वाचणारा घोड्याला आपसूक दौडू देतो, मग शेवटच्या 'फेल'ला जागाच उरत नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, तेही इथे ठेचकाळतात.

हे मला धारवाडच्या सप्तापुरात सांगावंसं वाटतं. तिथल्या क्लासेसमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं घड्याळ लावून इंग्रजी उतारे सोडवतात. कितीकांच्या घरी मराठी, रस्त्यावर कन्नड. वाक्य अडलं की ती स्वतःलाच कच्ची ठरवतात, आणि ते पाहून माझा जीव तुटतो. मराठी आणि कन्नड वेगळ्या कुळांतल्या, पण क्रियापद दोघी शेवटी ठेवतात. तोवर कळ काढायची सवय या मुलांना लहानपणापासूनच असते. याच गावात जी. ए. कुलकर्णी कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि घरी मराठी कथा लिहीत. 'काजळमाया'तली लांब, वळणावळणाची वाक्यं वाचताना ही सवय उपयोगी पडते. द. रा. बेंद्रे तर घरी मराठी बोलणारे आणि कन्नडचे थोर कवी. दोन भाषांत वाढणं हे या मातीत कधीच उणेपण नव्हतं.

आपल्या भाषेतही चकवा आहे, फक्त त्याची जागा निराळी. 'आजीने नातवाला लाडू दिलेल्या पाहुण्याला चहा दिला.' 'लाडू'पर्यंत देणारी आजीच. 'दिलेल्या' आलं की मन थबकतं, 'पाहुण्याला' आल्यावर सगळी मांडामांड बदलते: लाडू पाहुण्याने दिला, आजीने फक्त चहा. हे वाक्य नावेच्या वाक्याशेजारी फळ्यावर लिहावं, मुलांना ते मोठ्याने वाचू द्यावं, आणि कोण कुठे थांबलं ते ज्याचं त्याला सांगू द्यावं. उतारे त्यानंतर.